वार, नाळ आणि साहाय्यित गर्भधारणा

(हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात एक शब्द हमखास कानांवर पडतो. तो शब्द म्हणजे ‘नाळ’. शाळेशी जुळलेली नाळ, मातृभाषेशी न तुटणारी नाळ, असे उल्लेख प्रत्येक भाषणात येतात. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर साठ वर्षे मराठी माध्यमाची शाळा टिकवून धरणाऱ्या समाजाच्या तोंडी हा शब्द शोभतोही. परंतु नाळेचे एक टोक बाळाच्या बेंबीशी असते, तर दुसरे टोक ज्या अवयवात रुतलेले असते त्या अवयवाचे नाव फारसे कोणी घेत नाही. तो अवयव म्हणजे वार. जुन्या मराठी घरांत बाळाचे रडणे ऐकू आल्यावर सुईणीला दुसरा प्रश्न विचारला जाई, “वार पडली का?” वार पूर्ण पडल्यावाचून बाळंतपण सुखरूप पार पडले असे कोणी मानीत नसे. पुढे ती परसात खोल खड्डा खणून पुरली जाई. ‘जिथे नाळ पुरली ते माणसाचे गाव’ या म्हणण्यामागे हीच रीत आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय ही वारच आहे. आणि त्यातही, वैद्यकीय साहाय्याने झालेल्या गर्भधारणेत वारेच्या घडणीत व कार्यात काही फरक पडतो काय, हा प्रश्न आहे. शाळेच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण सरळ आहे. गेल्या काही दशकांत जगात एक कोटीहून अधिक मुले या मार्गाने जन्माला आली. भारतातील लहान-मोठ्या शहरांत अशी उपचारकेंद्रे आहेत. ज्यांची मुले पहिलीच्या वर्गात बसतात त्या पालकांत, आणि ज्यांची लग्ने होऊन काही वर्षे लोटली त्या माजी विद्यार्थिनींत, या वाटेने गेलेल्या व्यक्ती आहेत. त्यांच्याविषयी कुजबूज पुष्कळ होते. माहिती मात्र थोडी दिली जाते. कुजबुजीतून भीती निर्माण होते आणि भीतीपोटी लपवाछपवी होते. अशा लपवाछपवीची किंमत आई आणि बाळ यांना मोजावी लागू शकते, हे या व्याख्यानाच्या अखेरीस स्पष्ट व्हावे.

प्रथम वारेची ओळख. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार सुमारे अर्धा किलो वजनाची, वीस-बावीस सेंटिमीटर व्यासाची आणि भाकरीसारखी चपटी-गोल असते. युरोपीय भाषांत तिला मिळालेले नावही ‘चपटी पोळी’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. तिच्या एका बाजूला आईचे गर्भाशय असते, तर दुसऱ्या बाजूने नाळ निघते. नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला असते. वारेच्या आत झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेले असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. ते सर्व उलगडून पसरले तर त्यांचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे एखाद्या खोलीच्या फरशीएवढे भरेल. गर्भारपणाच्या शेवटी आईचे रक्त मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक वेगाने गर्भाशयाकडे येते आणि त्यातील बहुतांश या अंकुरांभोवती खेळते. तरीही आईचे आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. प्राणवायू, साखर, अमिनो आम्ले, क्षार हे सारे एका पातळ पडद्यातून पलीकडे जाते आणि टाकाऊ द्रव्ये अलीकडे येतात. बाळाचे फुफ्फुस, आतडे, मूत्रपिंड आणि काही अंशी यकृत यांची कामे नऊ महिने हा एकच अवयव करतो, आणि काम संपताच शरीराबाहेर पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वार ही आईच्या शरीराचा भाग नव्हे. ती बाळाबरोबर त्याच एका फलित बीजापासून घडते. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचा संयोग झाल्यानंतर पेशींचे विभाजन सुरू होते. पाचव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण पोकळ चेंडूसारखा दिसतो. चेंडूच्या आत एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका असतो. त्यातून बाळ घडते. बाहेरच्या आवरणातील पेशींतून मुख्यतः वार घडते. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्यापूर्वीच कोणत्या पेशींनी वार व्हायचे आणि कोणत्या पेशींनी बाळ व्हायचे, याची वाटणी झालेली असते. सहाव्या-सातव्या दिवशी रुजण्याची क्रिया सुरू होते. वारेच्या काही पेशी गर्भाशयाच्या नागमोडी रोहिण्यांत शिरतात, त्यांच्या भिंतींतील स्नायू हटवतात आणि त्या अरुंद नळ्यांचे रुंद, सैल प्रवाह करतात. हे काम पुरे झाले तर शेवटच्या महिन्यांत बाळाला भरपूर रक्तपुरवठा होतो. ते अपुरे राहिले तर बाळाची वाढ खुंटू शकते आणि आईचा रक्तदाब वाढण्याचा धोका निर्माण होतो.

साहाय्यित गर्भधारणेत नेमके हेच पहिले तीन ते पाच दिवस प्रयोगशाळेत जातात. बीजवाहिनीच्या आत प्राणवायूचे प्रमाण वातावरणातील प्रमाणापेक्षा बरेच कमी असते. तेथे आईच्या शरीरातील स्राव असतात, अंधार असतो, सौम्य हालचाल असते. काचपात्रात त्यांच्या जागी मोजून-मापून तयार केलेले द्रावण असते. शास्त्रज्ञ ही परिस्थिती शक्य तेवढी नैसर्गिक करण्याचा प्रयत्न करतात, आणि चाळीस वर्षांत त्यात फार सुधारणा झाली आहे. तरी वारेच्या पेशी ज्या काळात स्वतःचे रूप ठरवीत असतात तो काळ शरीराबाहेर जातो, ही वस्तुस्थिती उरते. त्यामुळे संशोधकांचे लक्ष वारेकडे वळले यात नवल नाही.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात भारताचा वाटा मोठा आहे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईझ ब्राउन हिचा जन्म झाला. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि प्रयोगशाळेची बाजू सांभाळणाऱ्या जीन पर्डी यांच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांचे ते फळ होते. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ओल्डहॅमच्या त्या घटनेनंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी एक मुलगी जन्माला आली. तिला ‘दुर्गा’ या नावाने ओळखले गेले. गोठवून ठेवलेले भ्रूण वापरण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे ती त्यांनी तेव्हाच वापरली होती. परंतु त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला, परदेशी परिषदेत निबंध वाचण्याची परवानगी नाकारली गेली, असंबद्ध विभागात बदली झाली; १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षाचा जन्म झाला. देशातील पहिले अधिकृत नोंदींचे असे मूल म्हणून तिची नोंद झाली. पुढे मुखोपाध्याय यांची मूळ टिपणे आनंद कुमार यांच्या हाती आली. ती वाचून त्यांनी पहिलेपणाचा मान कोलकात्याच्या त्या डॉक्टरांचा आहे असे १९९७ साली जाहीरपणे मांडले. स्वतःच्या वाट्याला आलेला मान दुसऱ्याच्या हवाली करणारा हा प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे.

आता वारेतील प्रथिनांकडे वळू या. वार हा केवळ गाळणीसारखा पडदा नाही. तो एक कारखाना आहे. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत ज्या द्रव्यामुळे पट्टीवर दुसरी रेघ उमटते ते एचसीजी हे वारेच्या पेशींनी तयार केलेले प्रथिनच होय. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर बीजकोशात जो पीतपिंड उरतो, त्याला ‘अजून काम चालू ठेव’ असा निरोप एचसीजी देते. त्यामुळे वार स्वतः समर्थ होईपर्यंत गर्भाशयाला आवश्यक असलेले प्रोजेस्टेरॉन मिळत राहते. वारेचे दुसरे एक प्रथिन, लॅक्टोजेन, आईच्या शरीरातील साखरेचा वापर असा बदलते की बाळासाठी अधिक साखर उपलब्ध राहावी. पीएलजीएफ हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या वाढीला आणि आरोग्याला साहाय्य करते. त्याला पकडून निष्प्रभ करणारे एसएफएलटी-१ हेही वारेतूनच येते. या दोहोंचा तोल बिघडून दुसरे फार वाढले की प्रीएक्लॅम्पसिया या रक्तदाबविकाराची लक्षणे दिसू लागतात. याशिवाय पडद्यावर साखर, अमिनो आम्ले आणि लोह पलीकडे नेणारी वाहक प्रथिने असतात. तीच बाळाची खरी रसद होय.

यांपैकी एका प्रथिनाची गोष्ट विस्ताराने सांगणे योग्य ठरेल, कारण तिचा संबंध प्रत्यक्ष तपासणीशी येतो. त्याचे नाव पॅप-ए. १९७४ साली गर्भवती स्त्रियांच्या रक्तात ते प्रथम ओळखले गेले. त्याचे काम काय, हे कळायला पुढे पंचवीस वर्षे लागली. वाढीला चालना देणारी द्रव्ये रक्तात एका बांधणाऱ्या प्रथिनाशी जखडलेली असतात. पॅप-ए कात्रीसारखे ते बंधन तोडते, वाढीचे द्रव्य मोकळे होते आणि वारेच्या व बाळाच्या वाढीस उपयोगी पडते. पहिल्या तीन महिन्यांत पॅप-ए फार कमी आढळले, तर पुढे बाळ लहान राहण्याची किंवा आईचा रक्तदाब वाढण्याची शक्यता काहीशी अधिक असते. डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भांतही ते कमी आढळते. म्हणून अकराव्या ते तेराव्या आठवड्यांत सोनोग्राफीबरोबर जी रक्ततपासणी होते तिच्यात पॅप-ए आणि एचसीजीचा एक अंश मोजला जातो.

साहाय्यित गर्भधारणेत पॅप-एची पातळी सरासरीने कमी असते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. ताज्या भ्रूणाचे रोपण झालेल्या स्त्रियांत हा फरक अधिक स्पष्ट असतो. बाळ अगदी निरोगी असले तरीही हे घडते. मग तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेला गर्भधारणा कशी झाली हे सांगितलेच नाही, तर काय होईल? यंत्र सामान्य गर्भधारणेच्या मापाने हिशेब करील, धोका प्रत्यक्षापेक्षा मोठा दाखवील, आणि एका निरोगी बाळाच्या आईवडिलांना पुढील, शरीरात सुई घालून करावयाच्या तपासण्यांच्या चिंतेत ढकलील. स्त्रीबीज दात्रीचे असेल तर हिशेबात आईचे नव्हे, दात्रीचे वय धरावे लागते; पंचेचाळिशीतील आई आणि सव्विशीतील दात्री यांच्या आकड्यांत मोठे अंतर असते. तपासणीच्या अर्जावर ‘गर्भधारणेची पद्धत’ हा रकाना याचसाठी असतो. तो कोरा सोडणे हे अज्ञान आहे आणि खोटे भरणे हे धोक्याचे आहे.

पॅप-एखेरीज इतर फरकही नोंदले गेले आहेत. प्रसूतीनंतर मिळालेल्या वारा तपासून त्यांतील प्रथिनांची तुलना करण्याचे काम काही संशोधकांनी केले. त्यांत पेशीचा अंतर्गत सांगाडा, पेशीतील द्रव्यांची ने-आण, ऊर्जेची निर्मिती आणि ताणाला तोंड देण्याची क्षमता यांच्याशी निगडित काही प्रथिने कमी-अधिक आढळली. या अभ्यासांत तपासलेल्या वारांची संख्या थोडी होती आणि सर्वांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून त्यांच्याकडे अंतिम निवाडा म्हणून पाहू नये. वजनाच्या बाबतीत, अशा गर्भधारणेत बाळाच्या वजनाच्या मानाने वार काहीशी मोठी असते, असे मोठ्या नोंदणीत दिसले आहे. उंदरांवरील प्रयोगांतही काचपात्रात फलन झालेल्या गर्भांची वार मोठी, पण पोषक द्रव्ये पोहोचवण्यात काहीशी उणी आढळली. कमी कार्यक्षम वार आकाराने वाढून आपली उणीव भरून काढीत असावी, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

भ्रूण ताजे की गोठवलेले, यानेही चित्र बदलते. ताज्या रोपणात बीजकोशांना औषधे देऊन अनेक बीजे तयार केलेली असतात. शरीरात स्त्रीसंप्रेरकांचा पूर आलेला असतो आणि अशा अस्तरात वार रुजते. या गटात बाळे सरासरीने किंचित लहान असतात. गोठवलेल्या भ्रूणाचे रोपण पुढील एखाद्या महिन्यात, शरीर शांत झाल्यावर होते. या गटात बाळे सरासरीने मोठी असतात. मात्र आईला रक्तदाबविकार होण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. येथे पीतपिंडाचा संबंध येतो. रोपणाचा महिना पूर्णपणे गोळ्या-इंजेक्शनांवर आखलेला असेल तर बीजकोश निजलेलाच राहतो, पीतपिंड तयार होत नाही, आणि पीतपिंडातून येणारे रिलॅक्सिनसारखे, रक्तवाहिन्यांना सैलावण्यास मदत करणारे द्रव्य आईला मिळत नाही. ज्या स्त्रियांत नैसर्गिक पाळीच्या चक्रात रोपण होते, त्यांच्यात हा धोका कमी असल्याचे निरीक्षणांत आले आहे. दात्रीचे स्त्रीबीज वापरले असता गर्भ आणि वार आईच्या शरीराला अधिक परके असतात. तेथेही रक्तदाबविकाराचे प्रमाण वाढते.

हे सारे का घडते याचे एक उत्तर जनुकांवरील ठशांत शोधले जाते. काही जनुके आईकडून आली तरच बोलतात, काही वडिलांकडून आली तरच. १९८४ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की केवळ मातृक जनुकसंच असलेल्या भ्रूणात गर्भ बऱ्यापैकी घडतो पण वार अगदी खुरटी राहते. केवळ पैतृक संच असेल तर वारेच्या जातीच्या ऊती वाढतात आणि गर्भ खुरटतो. वार घडवण्यात वडिलांच्या जनुकांचा वाटा एवढा मोठा आहे. हे ठसे भ्रूणाच्या पहिल्या दिवसांत जपले जावे लागतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदराची भ्रूणे काचपात्रातील द्रावणात वाढवल्यावर ठसे पुसले जाण्याचे प्रकार गर्भापेक्षा वारेत अधिक आढळले. जणू वार स्वतःवर आघात झेलते आणि गर्भाला वाचवते. माणसांत अशा ठशांच्या बिघाडाने होणारा बेकविथ-वीडेमन हा विकार साहाय्यित गर्भधारणेनंतर तुलनेने अधिक आढळतो; तरी तो मुळात इतका दुर्मीळ आहे की अशा बहुसंख्य कुटुंबांना त्याचे नावही ऐकावे लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हे फरक तंत्रामुळे पडतात की ज्या कारणामुळे तंत्राची गरज पडली त्या कारणामुळे? उपचार घेणाऱ्या स्त्रियांचे वय सरासरीने अधिक असते. काहींना गर्भाशयाचे, बीजकोशांचे किंवा संप्रेरकांचे आजार असतात. काहींच्या पतींच्या बीजात दोष असतो. जुळी मुले राहण्याचे प्रमाणही अधिक असते. या सर्वांचा परिणाम वारेवर होऊ शकतो. नॉर्वेतील संशोधकांनी यावर एक मार्ग काढला. ज्या स्त्रियांना एक मूल नैसर्गिकरीत्या आणि एक साहाय्याने झाले अशा मातांची त्यांनी नोंद तपासली. आई तीच, मग फरक कशाचा? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा भावंडांच्या जन्मवजनात लक्षणीय अंतर आढळले नाही. म्हणजे वजनातील फरकाचा बराचसा भाग मूळ कारणाकडे जातो. परंतु वार गर्भाशयाच्या मुखाशी खाली असण्याच्या बाबतीत, २००६ सालच्या अभ्यासात, सर्व मातांची तुलना करता धोका सुमारे सहापट आणि त्याच आईच्या दोन गर्भारपणांची तुलना करता जवळजवळ तिप्पट आढळला. म्हणजे येथे तंत्राचाही वाटा आहे. शास्त्राचे उत्तर असे दोन्ही बाजूंनी येते, आणि प्रामाणिक माणसाने ते दोन्ही बाजूंनीच ऐकावे.

‘सहापट’ हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. वार खाली असण्याचे प्रमाण एरवी हजारांत तीन ते पाच मातांचे असते. ते वाढले तरी शंभरांत एक-दोन मातांपर्यंत जाते. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांची वार योग्य जागी असते. आणि ज्यांची खाली असते त्यांना ते सोनोग्राफीत आधीच कळते, प्रसूतीची जागा व पद्धत ठरवता येते, रक्ताची सोय करून ठेवता येते. धोका माहीत असला तर त्याची तयारी करता येते.

बाळाच्या पुढील आयुष्याचाही विचार यात येतो. गर्भातील पोषण आणि प्रौढपणीचे हृदयविकार, मधुमेह यांचा संबंध इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी मांडला. या विचाराला महाराष्ट्राने मोठी जोड दिली आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउथँप्टनच्या बाळांचे ३.५ किलो, परंतु या सडपातळ भारतीय बाळांत स्नायूंच्या मानाने चरबी अधिक राखलेली आढळली. गर्भात जे घडते त्याची खूण शरीर दीर्घकाळ बाळगते, हा त्याचा बोध आहे. साहाय्यित गर्भधारणेतून जन्मलेली बहुसंख्य मुले इतर मुलांसारखीच निरोगी वाढतात. त्यांच्या बाबतीत इतकेच करावे, की वजन, रक्तदाब, आहार आणि व्यायाम यांकडे जे लक्ष प्रत्येक मुलाकडे द्यायला हवे ते खरोखरच द्यावे.

आता मूळ चिंतेकडे. मराठी घरांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि ती जपण्याजोगी आहे. समजा, महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या मोठ्या शहरात राहणाऱ्या मुलीने तेथे उपचार घेतले. दिवस राहिले. सातव्या महिन्यात ती आईकडे, साताऱ्याला किंवा सोलापूरला, आली. घरच्यांनी ठरवले, की गावात कोणाला काही सांगायचे नाही. उपचारांची फाईल शहरातच कपाटात राहिली. नव्या डॉक्टरांनी विचारले, “काही औषधोपचार झाले होते का?” उत्तर मिळाले, “नाही, सगळे आपोआप.” त्या क्षणी त्या डॉक्टरांच्या हातून अनेक गोष्टी निसटल्या. रक्तदाब अधिक वेळा मोजण्याचे कारण त्यांना कळले नाही, वारेची जागा आणि नाळ वारेला कोठे जोडलेली आहे हे बारकाईने पाहण्याचे कारण कळले नाही, बाळाच्या वाढीच्या जादा सोनोग्राफीचे कारण कळले नाही. चार लोकांच्या बोलण्याचे भय घरात जपले गेले आणि आईच्या सुरक्षिततेचा एक आधार काढून घेतला गेला.

म्हणून काही गोष्टी पालकांनी आणि लेकी-सुनांच्या घरच्यांनी पाळाव्यात. फाईल गर्भवतीबरोबर प्रवास करील. तिच्यात रोपणाची तारीख, भ्रूण ताजे होते की गोठवलेले, बीज कोणाचे, किती भ्रूणे सोडली, हे लिहिलेले असेल. पहिल्या तपासणीतच डॉक्टरांना सर्व सांगितले जाईल. रक्तदाबविकाराचा धोका अधिक असेल तर सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू केलेल्या अल्प मात्रेतील ॲस्पिरिनचा उपयोग होतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मुदतपूर्व प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण त्याने ६२ टक्क्यांनी घटले. अर्थात ही गोळी डॉक्टरांनीच ठरवून द्यावयाची असते. शेजारणीच्या सांगण्यावरून घेण्याची ती वस्तू नव्हे. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, वरच्या पोटात दुखणे, चेहरा व हात अचानक सुजणे किंवा रक्तस्राव होणे, यांपैकी काहीही झाले तर उद्याची वाट पाहू नये. एकाहून अधिक भ्रूणे सोडण्याचा आग्रह दांपत्याने धरू नये. जुळ्यांचा आनंद मोठा असला तरी वारेवरचा भारही दुप्पट असतो. प्रसूतीनंतर डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास वार तपासणीसाठी पाठवू द्यावी. पुढच्या गर्भारपणाला तिचा उपयोग होतो.

उपचारकेंद्र निवडतानाही डोळसपणा हवा. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, स्त्री व पुरुषाच्या वयाला मर्यादा आहेत, दात्रीने आयुष्यात एकदाच बीज द्यावयाचे आहे, आणि लिंगनिवडीला मनाई आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहण्याचा अधिकार प्रत्येक दांपत्याला आहे.

एक शेवटची गोष्ट. मूल होत नाही याचा दोष मराठी समाजाने शतकानुशतके केवळ स्त्रीच्या पदरात घातला. हळदीकुंकवाला तिला टाळले, ओटी भरताना तिला मागे ठेवले. मूल न होण्याचे कारण अनेकदा पुरुषाकडे असते, हे शास्त्राने दाखवले. वारेच्या घडणीत पित्याच्या जनुकांचा वाटा केवढा आहे, हेही दाखवले. आता उपचाराने मूल झाल्यावर पुन्हा त्याच स्त्रीने ते लपवण्याचे ओझे वाहावे, हे न्यायाचे नाही. ज्या स्त्रीने दोन-दोन, तीन-तीन वेळा इंजेक्शने, भूल, अपयश आणि वाट पाहणे सोसले, तिच्या वाट्याला निदान नऊ महिने तरी मोकळेपणा यावा.

शाळेच्या प्रवेशपत्रात विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि मातृभाषा असे रकाने असतात. साठ वर्षांत त्यांतील काही बदलले, काही वाढले. मूल कोणत्या मार्गाने जन्माला आले, हे विचारणारा रकाना त्यात कधी नव्हता आणि यापुढेही असण्याचे कारण नाही. तो प्रश्न डॉक्टरांच्या अर्जावर शोभतो आणि तेथे त्याचे खरे उत्तर द्यावे. शाळेच्या अंगणात, वर्गात किंवा पालकसभेत तो कोणी कोणाला विचारू नये. बालवाडीच्या दारात आईचे बोट सोडून पहिल्यांदा आत येणारे मूल रडते, आणि थोड्या वेळाने शेजारच्या मुलाच्या डब्यात डोकावू लागते. वार आपले काम करून केव्हाच निघून गेलेली असते. पुढचे काम घराचे आणि शाळेचे असते.